कंसातला आकडा

मी भित्री आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावरून माझी भरपूर थट्टाही होते. खारघरला इतक्या वरच्या मजल्यावर घर घेतलं तेव्हा गॅलरीला जाळी बसेपर्यंत मी सामान हलवू दिलं नव्हतं. कुकरची शिट्टी जरा लांबली की मी गॅस बंद करते. पण ही सगळी लुटुपुटीची भीती. खरी भीती मला गेल्या वर्षी वाटली, आणि ती एका कंपनीच्या वार्षिक अहवालात कंसात छापलेल्या एका आकड्याची होती. हे ऐकून लोक हसतात. हसू देत, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघत होते. रविवारी गावाला ये, आईचं काम आहे, एवढंच म्हणाला. दादा माझा मोठा भाऊ. वडिलांच्या मागे घर त्यानंच ओढलं, मला कॉलेजात घातलं, लग्न लावून दिलं. आमचं गाव पळस्पे फाट्याच्या अलीकडे. तिथे आई, दादा, वहिनी आणि माझी भाची राहतात. मी पोचले तेव्हा आई ओटीवर बसली होती. चहा यायच्या आधीच दादानं माझ्या हातात गुळगुळीत कागदाचं एक जाड पुस्तक ठेवलं. वर पिवळ्या डंपरांच्या रांगेचा फोटो होता.

मग काय ते कळलं. वडिलांची शेती फार पूर्वी सरकारच्या प्रकल्पात गेली होती. तिच्या बदल्यात, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा, जो प्लॉट मिळायचा, तो वडील गेल्यावर आईच्या नावावर मिळाला, आणि आईनं तो त्या वर्षी एका बिल्डरला विकला. आमच्याकडे विकण्यासारखं तेवढंच उरलं होतं. पैसे बँकेत आई आणि दादा अशा दोघांच्या नावावर पडून होते. दादाचं म्हणणं, ते सगळेच्या सगळे शेठच्या कंपनीत घालू, हा तिचाच अहवाल. कंपनी नवे शेअर काढतेय आणि शेठ ते आधी आपल्या माणसांना देतायत. आईची तयारी होती, पण तिनं एक अट घातली होती.

"बाय हिशोबातलं जानते," ती म्हणाली. "ती बगंल, हो बोलंल, मग मी सही करीन."

बाय म्हणजे मी. दादा हसला आणि म्हणाला, तू नुसतं हो म्हण, मिनिटाचं काम आहे. आईच्या गाठीला होतं नव्हतं ते सगळं, आणि ते माझ्या एका शब्दावर येऊन बसलं होतं. मी चहा घेतला, पुस्तक पिशवीत घातलं आणि आठवड्याभरात सांगते म्हणाले. दादाला आठवडा जास्त वाटला. त्यानं तसं तोंडानं म्हटलं नाही, पण तो लगेच उठून गाडीच्या टायरला लाथ मारून हवा बघू लागला. तो चिडला की असंच काहीतरी करतो.

शेठ शेजारच्या गावचे, आमच्यातलेच. कधीकाळी त्यांच्याकडे एक ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली होती. आमच्या भागात डोंगर फोडायचे आणि खाडीकडची जमीन भरायची, हे काम गेली कित्येक वर्षं थांबलेलंच नाही. त्या भरावाच्या कामातून शेठ मोठे झाले, त्यांची कंपनी झाली, आणि ती छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारात नोंदलीही गेली. दादाचे डंपर त्यांच्याच कामावर लावलेले असत. शेअर वर चढला तसं गावातलं बोलणंही बदललं. हळदीच्या मांडवात, जिथे पूर्वी मटण कसं झालंय आणि बँजो कुठला आणलाय एवढीच चौकशी व्हायची, तिथे आता आमच्या आत्या-मावश्या पानात वाढता वाढता आजचा भाव विचारू लागल्या होत्या. ज्यांच्या घरात प्लॉटचा पैसा आला होता, त्या बहुतेकांनी थोडा तरी तिथे घातला होता. आम्हीच काय ते मागे, असं दादाला वाटत होतं.

मी एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात हिशेब सांभाळते. बिलं पाठवणं आणि त्यांची वसुली करणं हे माझं रोजचं काम. बिल गेलं की आमचे साहेब खूश होतात, मी पैसे खात्यात जमा झाल्यावर खूश होते. पगारातून मी स्वतःही शेअर घेते, थोडे थोडे, घाबरत घाबरत. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा अहवाल मी मागून वाचते. पुढच्या पानांवर फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत असतं. मला हवं असतं ते एक पान, रोकड कुठून आली आणि कुठे गेली ते सांगणारं. त्या पानाचे तीन भाग असतात. पहिला भाग धंद्यातून आलेल्या किंवा गेलेल्या पैशांचा, दुसरा यंत्रं, जमिनी असल्या खरेदीविक्रीचा, तिसरा कर्जाचा आणि नव्या शेअरचा. पहिल्या भागाच्या शेवटी एकच आकडा येतो. बाजारातली माणसं त्याला ऑपरेटिंग कॅश फ्लो म्हणतात. तो वजा असला तर कंसात छापतात.

शेठच्या कंपनीचा कंसात होता.

मी आधी नीट बसून घेतलं. एखाद्या वर्षी असं होऊ शकतं, त्यात लगेच छाती बडवण्यासारखं काही नाही, हे मला ठाऊक होतं. आम्ही लहान असताना आई मे महिन्यात उरणच्या कोळणींकडून सुकट आणि बोंबील पोत्यानं घ्यायची आणि पावसात ताजी मासळी मिळेनाशी झाली की पनवेलच्या बाजारात बसून विकायची. मे महिन्यात कोणी आईचा हिशेब मांडला असता तर तोही कंसातच गेला असता. पैसा सगळा बाहेर, आत काही नाही. पण माल डब्यात होता, डबा माळ्यावर होता आणि पावसात तो रोखीनं विकला जाणार होता. धंदा वाढत असताना, माल भरून ठेवताना, नवीन शाखा उघडताना कंपनीचंही तसंच होतं. म्हणून मी घाईनं वाईट बोलायचं नाही असं ठरवून मागची वर्षं काढली. कंपनीच्या जुन्या अहवालांच्या प्रती मोबाइलवर मिळतात.

मागच्या वर्षीही कंस होता. त्याच्या मागच्या वर्षीही होता, आणि दर वर्षी कंसातला आकडा मोठा होत गेला होता. नफाही दर वर्षी वाढत होता. मी नफ्यापासून खाली एकेक ओळ उतरत गेले. गेलेल्या बिलांचा नफा लिहून झाला होता, पण ठेकेदारांकडून येणं मात्र कामापेक्षा जास्त वेगानं फुगत होतं. म्हणजे कंपनी काम करत होती, बिल पाठवत होती, बिलाला नफा म्हणत होती आणि पैसे कोणाच्या तरी दारात अडकून पडत होते. डिझेल तर रोखीनं भरावं लागतं. ड्रायव्हर पगारासाठी थांबत नाही. तो खड्डा भरायला कर्ज काढलं होतं, मग आणखी कर्ज, आणि आता नवे शेअर.

आणि तिथे आणखी एक ओळ होती, जिच्यावर माझं बोट बराच वेळ राहिलं. कंपनीनं स्वतःच्या पुरवठादारांचे पैसे थकवले होते. लोकांचे पैसे थकवले की तेवढी रोकड कंपनीकडे राहते आणि हा आकडा सुधारतो. इथे इतके पैसे थकवूनही आकडा कंसातच होता. मी नवऱ्याला हाक मारली. तो बिचारा आला, पान बघितलं आणि म्हणाला, मला काही कळत नाही, पण तुझे हात एवढे गार का पडलेत?

मी दादाला फोन करून सांगितलं, कंपनीचा पैसा वसूल होत नाही. तो हसला. दुसऱ्या दिवशी मला घ्यायला आला आणि पळस्प्याच्या नाक्यावर घेऊन गेला. गोव्याचा रस्ता जिथे फुटतो तिथे गाडी कडेला लावून आम्ही बसलो. शेठच्या नावाचे डंपर एकामागून एक जात होते, भरलेले एका बाजूला, रिकामे दुसऱ्या बाजूला. बघ म्हणाला, बंद पडणारी कंपनी अशी दिसते का? मी बघत होते आणि मला प्रत्येक डंपराबरोबर डिझेल जाताना दिसत होतं. जेवढ्या खेपा जास्त, तेवढे आजचे पैसे बाहेर आणि तेवढी बिलं लोकांच्या दारात. ज्या दृश्यानं दादाला धीर येत होता, तेच बघून माझा जीव घाबरा होत होता.

"पैसं लेट येतात, येत नाय असं नाय," दादा म्हणाला. "आपलं नाय आलं? आलं ते वाढूनच आलं ना?"

त्याचं हे म्हणणं खरं होतं. आमच्या भागातल्या माणसांना थकलेल्या पैशाची भीतीच वाटत नाही. कशी वाटेल? ज्यांनी जमिनीचा मोबदला पहिल्याच वेळी घेऊन गप्प बसायचं ठरवलं त्यांना कमी मिळालं, आणि ज्यांनी कोर्टात दावे लावून वर्षानुवर्षं वाट बघितली त्यांना वाढीव रक्कम मिळाली, वर व्याज मिळालं. प्लॉटचंही तेच. ज्यांनी धीर सोडून, ताबा मिळायच्या आधी, तो कागदावरच विकला त्यांचे पोरगे अजून त्यांना बोल लावतात. आमच्या लोकांना पिढीभर एकच शिक्षण मिळालं, की येणं राहिलं असेल तर राहू द्यावं, ते पिकतं. सरकार जमीन घेऊन पळून जात नाही, म्हणून ते खरं ठरलं. पण दिवाळं काढलेला ठेकेदार व्याज देत नाही. त्याच्याकडे अडकलेलं बिल जितकं जुनं तितकं ते कुजत जातं. हे मी दादाला सांगितलं, आणि ते त्याला फार झोंबलं. आपली माणसं अडाणी असं तुला म्हणायचंय का, असं त्यानं विचारलं. मला तसं म्हणायचं नव्हतं. मलाही त्याच मोबदल्याच्या पैशानं शिकवलं होतं.

शेवटी त्यानंच तोडगा काढला. शेठलाच विचार म्हणाला. मला ते नको होतं, मोठ्या माणसांसमोर माझी बोबडी वळते. पण गेले. पनवेलला नव्या इमारतीत शेठचं ऑफिस. एसी इतका की मी पदर लपेटून बसले. शेठनी ताई ताई करून विचारपूस केली, कोकम सरबत मागवलं. माझा प्रश्न त्यांना बिलकुल आवडला नसता तर मला बरं वाटलं असतं. पण ते शांतपणे म्हणाले की बरोबर विचारताय, धंदा वाढतोय म्हणून पैसा अडकतो, मोठे ठेकेदार सावकाश देतात पण देतात, दोन वर्षांत हा आकडा कंसाबाहेर येईल. ते बोलत असताना मला वाटू लागलं की कदाचित ते खरंच सांगतायत. वाढणाऱ्या चांगल्या कंपन्यांनीही अशी वर्षं काढलेली असतात. मी कोण मोठी लागून गेले? एका यार्डात बिलं मोजणारी बाई. मी नाही म्हणायचं, आणि उद्या हा शेअर दुप्पट झाला तर आईचं नुकसान माझ्या भित्रेपणानं होणार.

माझ्याकडे एकच प्रश्न उरला होता, तो मी विचारून टाकला. नव्या शेअरचे पैसे आले की ते कशाला वापरणार? शेठ म्हणाले, खेळतं भांडवल. मी म्हटलं, म्हणजे आधी काय करणार?

"आधी आपल्या माणसांची बिलं मोकळी करायची," ते म्हणाले. "जे आत्ता शेअर घेतील त्यांची पहिली. दादाला सांगितलंय मी तसं."

मी दादाकडे पाहिलं. तो सरबताच्या ग्लासाकडे बघत होता. ग्लास भरलेला होता आणि त्याचा हात त्याच्या जवळपासही नव्हता. मला पुस्तकातली ती ओळ आठवली, पुरवठादारांचे थकवलेले पैसे. ती ओळ मी एवढा वेळ बोट ठेवून वाचली होती आणि त्या ओळीत माझा भाऊ आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

खाली गाडीत बसल्यावर त्यानं चावी लावली, पण गाडी चालू केली नाही. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, मागच्या गणपतीपासून. गणपतीपासून शेठकडून एक रुपया नाही आणि डंपर मात्र रोज कामावर. थांबवले तर जुनं बिलही बुडेल या धाकानं त्यानं ते थांबवले नव्हते. डिझेल उधारीवर, मग पंपवाल्यानं उधारी बंद केली, मग वहिनीचं सोनं. एकदम माझ्या डोळ्यांसमोर मागच्या हळदीतली वहिनी आली. आमच्याकडच्या बायका हळदीला अंगावर असेल नसेल ते सगळं घालतात, आणि ती मोगऱ्याचा गजरा आणि काळी पोत घालून, उकडतंय ग, म्हणत पंख्याजवळ बसली होती. डंपरांचे हप्ते थकले होते. फायनान्स कंपनीची माणसं एकदा नाक्यावर येऊन गेली होती. आईच्या पैशातून शेअर घ्यायचे, त्या पैशातून शेठ दादाची बिलं देणार, त्यातून दादा हप्ते भरणार. म्हणजे आईचा प्लॉट एक मोठी फेरी मारून दादाकडेच येणार होता आणि तेवढ्या फेरीत कंपनीचं देणं फिटल्याचं दिसणार होतं.

मला दादाचा राग यायला हवा होता. तो नंतर आला, चांगला सणसणीत आला. पण त्या गाडीत मला नुसती भीती वाटली, कारण तो बोलत होता त्यातलं एकेक मी पुस्तकात वाचलेलं होतं. काम भरपूर, बिलं भरपूर, येणं फुगलेलं, खिशातून रोज पैसे जातात आणि खड्डा भरायला कर्ज. कंपनी वाचता वाचता मी माझ्या भावाला वाचत होते.

आईला सांगायलाच हवं असं मी म्हणाले. तो नको म्हणाला नाही. गावाला पोचलो तेव्हा आई सुपात कोलीम, म्हणजे अगदी बारीक जवळा, निवडत बसली होती. मी तिला सुकटीवरून समजावलं. समज, तू मेमध्ये पैसे घालून सुकट घेतलीस, पावसात सगळी विकली, पण सगळी उधारीवर, आणि पुढच्या मेमध्ये परत सुकट घ्यायला कर्ज काढलंस. तर तू कमावलंस का? आईचे हात थांबले. मी उधार देत नव्हते, ती म्हणाली, आणि कोणी मागितलीच तर आधी जुनं दे म्हणायचे. मग तिनं दादाकडे बघून विचारलं की तुझं जुनं देतो का शेठ. दादा उभाच होता. त्यानं मान हलवली, नाही म्हणून. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली होती, ती तिथेच जमिनीवर बसली.

आईनं सूप बाजूला सरकवलं. मला वाटलं आता ती मला विचारणार, हो की नाही. पण तिनं मला विचारलंच नाही. ती दादाला म्हणाली, त्या शेठला नाय देत, तुला देते, सगळं घे नि गाड्यांचं फेड.

मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, नको. आई, नको. हे माझ्या ओठांवर आलं होतं आणि ज्या भावानं मला शिकवलं त्याच्यासमोर ते मला म्हणवत नव्हतं. फेडलेल्या गाड्या उद्या परत शेठच्याच कामावर जाणार, परत डिझेल, परत बिल. पैसा कुठे मुरेल तेही दिसणार नव्हतं. मी गप्प राहिले, आणि गप्प राहण्याचीच मला जास्त भीती वाटत होती.

"मना द्यू नको, आये," दादा म्हणाला. "माज्याकडं आला का जातो त्यो. मना समजतच नाय कवा गेला."

आई काहीतरी म्हणायला गेली तर त्यानं हात वर केला. माझ्याकडे वळून म्हणाला, उद्या बँकेत चल, आयेच्या खात्यावरनं माजं नाव काड नि तुजं घाल. दोगींच्या सहीशिवाय पैसा निगाला नाय पायजे. एवढं बोलून तो बाहेर जाऊन ओटीच्या पायरीवर बसला. जन्मात कशाला न भ्यालेला माझा भाऊ स्वतःला भ्याला होता.

बँकेतल्या बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं, नाव का कमी करायचंय? दादानं मोठ्या आवाजात, रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं सांगितलं, माझा धंदा तोट्यात आहे म्हणून. तो नफ्यात आहे असं त्याचे कागद सांगत होते. त्यानं सही केली आणि आईला दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या.

पुढचे महिने सुखाचे गेले असं समजू नका. दादानं दोन डंपर विकले, पडेल भावानं. एकच ठेवला आणि तो शेठकडून काढून एका वीटभट्टीवाल्याकडे लावला, जो शनिवारी हातात पैसे देतो. आणि इकडे शेठच्या कंपनीचा शेअर वर गेला. थोडाथोडका नाही, चांगला वर गेला. नवे शेअर घेतलेल्या मावशीनं मला फोन करून सांगितलं की तुमचं नशीब तुमच्या पुस्तकानं घालवलं. मी मात्र रोज सकाळी दात घासायच्या आधी भाव बघू लागले. वर गेला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. सहामाही निकाल आला तेव्हा मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन मोबाइल उघडला. नफा वाढलेला, आकडा अजून कंसात. मला हायसं वाटलं, आणि पाठोपाठ आठवलं की त्या कंसात आता मावशीचा प्लॉटही आहे. मी घाईनं नळ सोडून तोंड धुतलं. कंपनी अजून चालू आहे. शेठ खरं बोलत होते की नाही हे मला आजही माहीत नाही. मावशीला मी एकदा सांगून बघितलं, ती अजून बोलत नाही माझ्याशी.

जूनमध्ये दादा खारघरला आमच्याकडे आला. एरवी तो आला की खालूनच आरडाओरडा करतो, येताना मासळी आणतो, माझ्या जाळीवरून चिडवतो. त्या दिवशी त्यानं बेल वाजवली आणि दार उघडेपर्यंत बाहेर उभा राहिला. पाणी दिलं ते प्यायला. मग म्हणाला, आयेच्या खात्यातले थोडे हवेत, आयेची सही झाली, तुझी राहिलीय. चेक त्याच्या हातात होता. रक्कम मोठी नव्हती. मी चष्मा शोधायच्या निमित्तानं उठले, कारण मला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. कशाला हवेत, एवढे दोन शब्द. ज्यानं माझ्या कॉलेजची फी भरताना कधी कोणाला हिशेब दिला नव्हता, त्याला मी ते विचारायचे.

मी चष्मा घेऊन परत आले तेव्हा त्यानं खिशातून एक घडी केलेला कागद काढून टेबलावर माझ्या बाजूला सरकवून ठेवला होता. भाचीच्या शाळेचं फीचं चलन होतं ते. मी काही विचारायच्या आधीच त्यानं ते आणलं होतं. तो खिडकीबाहेर बघत होता. मला ते चलन बघवेना. तरी मी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, रक्कम चेकशी ताडून पाहिली, आणि मग सही केली.